पूल गेला, पाव राहिला

'डेशिया' हे नाव कधी ऐकलंय? मलाही ते लायब्ररीत पुलांवरचं एक पुस्तक चाळताना भेटलं. आजच्या रोमानियात, डॅन्यूब नदीच्या उत्तरेला असलेला रोमन साम्राज्याचा हा सीमेवरचा प्रांत.

तो जिंकायला सम्राट ट्राजनला दोन युद्धं करावी लागली, इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६. मधल्या काळात त्याचा इंजिनिअर, दमास्कसचा अपोलोडोरस, याने डॅन्यूबवर पूल बांधला. लांबी ११०० मीटरहून जास्त! पात्रात २० पक्के खांब, वर लाकडी कमानी. ना कॅल्क्युलेटर, ना ऑटोकॅड! या पुलावरून सैन्य गेलं, डेशियाचा राजा डेसेबालस हरला आणि तिथल्या डोंगरांतलं सोनं रोमला गेलं.

पण पूल दोन्ही बाजूंनी चालतो. शत्रू याच वाटेने आत येईल या भीतीने पुढचा सम्राट हेड्रियन याने वरचा लाकडी भाग काढून टाकला, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. इ.स. २७१ ते २७५ च्या दरम्यान ऑरेलियनने सैन्यच मागे घेतलं. जेमतेम १६५ वर्षांचा संसार! आज दोन्ही काठांवर खांबांचे थोडे अवशेष उभे आहेत, बस्स.

आणि तरीही रोमानियन भाषा लॅटिनची लेक आहे. मधली शतकं ती नेमकी कुठे तगली यावर इतिहासकार भांडतात. पण रोमानियात ब्रेडला आजही 'पुइने' म्हणतात, लॅटिन 'पानिस'वरून. गंमत म्हणजे आपल्या मेसमधला पावही पोर्तुगीजांमार्फत त्याच शब्दावरून आलाय!

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. आजीशी फोनवर बोलताना अजूनही शब्द अडतो, मग ती हळूच सुचवते आणि आमची गाडी पुढे सरकते. डेशियाबद्दल वाचल्यावर वाटलं, भाषेला सैन्य लागत नाही आणि खांबही लागत नाहीत. रोज भूक लागल्यावर कुणीतरी तो शब्द उच्चारावा लागतो, एवढंच. आजीनंतर मला कोण सुचवणार? म्हणून हा लेख इंग्रजी विभागाला न देता इथे दिला. शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या!