शेजारी कोण आहे?

"माझ्या मशीनवर तर चालतंय!" परवा टीममधला एक जण म्हणाला आणि मला माझी पहिली चिप आठवली.

हो, आयटीत येण्याआधी दीड वर्ष मी ॲनालॉग डिझाइन करत होतो. काम काय, तर सेन्सरचा बारीकसा सिग्नल दहापट वाढवून 12 बिटच्या एडीसीला द्यायचा. अशा ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टर असतात, हुबेहूब सारखे. त्यांच्यात फरक पडला की तो सिग्नलमध्ये मिसळलाच. मी सगळं रीतसर केलं. आधी कागदावर गणित, मग स्पाइसमध्ये सिम्युलेशन, मग लेआउट, आणि लेआउटमुळे आलेले नकोसे रेझिस्टर-कपॅसिटर धरून पुन्हा सिम्युलेशन. आकडे झकास! चिप फॅबला गेली.

तीन महिन्यांनी हातात आली. चिपवरच्या रेग्युलेटरवर लोड टाकला की रीडिंग तीन पायऱ्या सरकायचं. दोन दिवस मी एडीसीवाल्यांवर खापर फोडत होतो. शेवटी सरांनी लेआउट उघडायला लावला.

"ही दोघं जुळी भावंडं ना? मग एकाला चुलीशेजारी का बसवलंस?"

चूल म्हणजे रेग्युलेटर. जोडीतला एक ट्रान्झिस्टर त्याच्या जवळ, दुसरा जरा लांब. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने बदलतं. म्हणजे 0.1 अंशाच्या फरकाला 0.2 मिलिव्होल्ट, दहापट केल्यावर 2. आणि 2.5 व्होल्टच्या एडीसीची एक पायरी 0.61 मिलिव्होल्टची. झाल्या तीन पायऱ्या!

स्पाइसला मी अख्ख्या चिपचं एकच तापमान सांगितलं होतं. बिचाऱ्याने तेवढंच ऐकलं.

उपाय सोपा होता. प्रत्येक ट्रान्झिस्टरचे दोन तुकडे करून चौकोनात तिरके मांडायचे: वर अ-ब, खाली ब-अ. मग आच कुठल्याही बाजूने येवो, दोघांना जवळपास सारखीच लागते. याला कॉमन सेंट्रॉइड म्हणतात. परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं मी! आता मात्र नवे मास्क आणि आणखी तीन महिने. सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

असो. परवा त्या मुलाला मी एवढंच विचारलं, "तुझ्या मशीनवर याच्या शेजारी आणखी काय चालू असतं?"

"काहीच नाही."

सर्व्हरवर त्याच वेळी रात्रीचा बॅकअप चालू असतो.