वेंगुर्ल्याच्या खाडींतील एक सकाळ

गेल्या माघांत वेंगुर्ल्यास दोन दिवस राहण्याचा योग आला. डच वखारीचे भग्न अवशेष पाहून झाल्यावर सूनबाई व नातवंडें यांनीं मांडवीच्या खाडींत होडींतून हिंडण्याचा हट्ट धरला. चिखल आणि झुडपें यांत काय तें प्रेक्षणीय, असें मनाशीं म्हणत आम्हीही होडींत बसलों.

वल्हें एका प्रौढ बाईच्या हातीं होतें. येथील मच्छिमार स्त्रियांच्या ‘स्वामिनी’ बचत गटानें २०१७ सालीं ही कांदळवनाची सफर सुरू केली. बाई एकेका झाडाचें नांव व गुण सांगूं लागली. काळ्या चिखलांत हवा शिरत नाहीं, म्हणून चिपीचीं मुळें खुंट्यांसारखीं वर येऊन श्वास घेतात. हीच पांढरी चिपी २०२० सालीं महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. कांदळाचें बीज तर आईच्या अंगावरच रुजतें आणि लांब कोंब फुटल्यावर मग खालीं चिखलांत पडतें. जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज हे जीवसृष्टीचे चार वर्ग आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतले. परंतु उद्भिज्ज असून जरायुजासारखें वागणारें झाड आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें!

‘गुरुजी, ह्या मुळांत माशांची पिलां वाढतत. रान तुटला तर जाळ्यात काय गावतला?’ बाई म्हणाली. म्हणजे सफरीसाठीं राखलेलें रान मूळच्या धंद्यासही राखतें.

जोडधंद्याची निकड उघड आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीसाठीं ती योग्यच. पण चुलीस बंदी नसते. म्हणून कोणी खाडीकांठीं जाळीचें कुंपण घालून चिंबोऱ्यांचीं पिलें वाढवितात. त्यांतही जपावें लागतें, कारण कात टाकलेल्या मऊ चिंबोरीस तिचेच सोबती खातात. कोणी बांबूच्या तराफ्यास दोर टांगून कालवें व शिणाणे वाढवितात. तीं पाण्यांतूनच आपलें अन्न गाळून घेतात, तेव्हां खाद्याचा खर्च नाहीं.

‘सफरीवर घर चालतें का?’ आम्हीं विचारलें.

‘पावसात पावणे खंय येतत? एका वल्ह्यान होडी सरळ जाणा नाय, गुरुजी.’

हें ऐकून आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. आम्ही किनाऱ्यावरील एका गांवीं शिकवीत होतों. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ तो बिनचूक सांगे. ‘जाळें सोड, पुस्तक धर,’ असें आम्हीं त्यास नित्य बजावीत असूं. त्यानें जाळें सोडलें. पुढें पुस्तकही सुटलें. त्याच्या घरची विद्या हेंच त्याचें भांडवल आहे, तीस पुस्तकाची जोड दे, एवढें सांगणें आमचें काम होतें. तें राहून गेलें.

वाचकांपैकीं कोणी सहकुटुंब कोंकणांत गेल्यास अशा होडींत अवश्य बसावें, ठरलेलें भाडें घासाघीस न करितां द्यावें, आणि मुलांस झाडांचीं नांवें विचारावयास सांगावें. आमच्या नातवानें कांदळ, तिवर, चिपी, मारांडी अशीं नांवें वहींत उतरवून घेतलीं आहेत. रोज संध्याकाळीं तो आमची परीक्षा घेतो, आणि आम्ही अजून एखाददुसऱ्या नांवास अडतों.