लॉक असलेला फोन आणि आईचा आवाज

कोलाडला मुंबई-गोवा महामार्गालगत दवाखाना असल्याने अपघातग्रस्त दारी येणे मला नवे नाही. एका पावसाळी रात्री लोकांनी एका बेशुद्ध तरुणाला आणले. खिशात फोन होता. पण लॉक केलेला. जखम दाबून बांधली, १०८ची रुग्णवाहिका बोलावली. तेवढ्यात तो फोन वाजला. पलीकडे त्याची आई होती. ‘त्याला पेनिसिलिन चालत नाही, डॉक्टर,’ हे तिच्याकडूनच कळले.

वाचकहो, आईचा फोन दर वेळी वेळेवर येईलच असे नाही. म्हणून आजच पाच मिनिटे काढा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडा. आयफोनवर ‘हेल्थ’ अ‍ॅपमधील ‘मेडिकल आयडी’त ‘शो व्हेन लॉक्ड’ सुरू करा. अ‍ॅलर्जी, आजार, चालू औषधे आणि जवळच्या दोघांचे क्रमांक भरा. रक्तगटही लिहा, मात्र रक्त चढवण्यापूर्वी तो पुन्हा तपासलाच जातो. मग फोन लॉक करून ‘इमर्जन्सी’ दाबा व माहिती दिसते का, याची खात्री करा.

घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही ही नोंद आपणच करून द्यावी. माझ्या फोनमध्ये ती नव्हती. त्याच रात्री केली.