हवेचा पाईप घेताना आधी बघा : हवा ढकलणार का ओढणार?

आज पिकाचं नाही, पाईपाचं बोलू. कॉम्प्रेसरचा पाईप फुटला किंवा मिल्किंग मशीनचा चिरला की आपण दुकानात जाऊन "अर्धा इंची द्या" म्हणतो. दुकानदार समोरच्या बंडलातून तोडून देतो. पण साईजच्या आधी बघायचं ते हवेचं काम.

विहिरीवर डिलिव्हरीचा चपटा पाईप आपण सक्शनला लावत नाही. लावला तर तो चिकटून बसतो. इथंही तेच आहे.

कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर ढकलते. टाकीत ८ बारपर्यंत प्रेशर असतं, त्यामुळं आत दोऱ्याची जाळी असलेलाच पाईप पाहिजे. बागेला पाणी द्यायचा साधा हिरवा पाईप चालत नाही. फुटण्याचा आकडा मोठा असतो, तो बघू नका. चालवण्याचं प्रेशर बघा. हेड ते टाकी मधली नळी धातूचीच ठेवा, तिथली हवा फार गरम असते. आणि टोकाला तार गुंडाळू नका, क्लॅम्प लावा. सुटलेला पाईप सापासारखा उसळतो, डोळा जाऊ शकतो.

मिल्किंग मशीनचं उलटं. गाईला साधारण ४० ते ५० किलोपास्कल व्हॅक्यूम लागतो, म्हणजे गेजवर ३०० ते ३७५ मिलिमीटर. एवढ्यानं पाईप फुटत नाही, आत बसतो. म्हणून इथं जाड भिंतीचा पाईप घ्यायचा. वाकवून बघा, घडी पडली तर घेऊ नका. दुधाची नळी खाद्यपदार्थाला चालणारीच घ्या.

पल्सेटरच्या बारीक नळीकडं कुणी बघत नाही. तिच्यात हवा अडली की कपातलं रबर नीट मिटत नाही, सडाला विसावा मिळत नाही, रक्त साकळतं, टोक कडक होतं. तिथून काससुजीला वाट मिळते. औषधं चालू राहतात आणि दोष नळीत असतो.

माप आतल्या व्यासाचं घ्या, तेही जुन्या पाईपाच्या मधल्या भागातून. निपलवर बसलेलं टोक ताणून मोठं झालेलं असतं. नवा पाईप बसत नसेल तर टोक गरम पाण्यात धरा, लायटरनं भाजू नका.

गळती बघायची रीतही वेगळी. कॉम्प्रेसरच्या पाईपाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. व्हॅक्यूमच्या पाईपाला बुडबुडे येत नाहीत, फेस आत ओढला जातो. तिथं सूं आवाज कानानं टिपा आणि गेज बघा. नवा पाईप लावल्यावर गेजचा आकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढं काटा त्याच्या खाली दिसला की पंप खोलायच्या आधी पाईप तपासा.