हिंगण्याची वाट

पुण्यातला कर्वे रस्ता संध्याकाळी सहानंतर माणसाला नुसता ढकलत नेतो. वर मेट्रोचा पूल, खाली दुचाक्यांची रेटारेटी, नळस्टॉपच्या सिग्नलला हॉर्नचा कल्लोळ. या गर्दीतून कर्वेनगरच्या दिशेनं निघालं की माझं मन हटकून सव्वाशे वर्षं मागं जातं. तेव्हा कर्वेनगर हे नाव नव्हतं, हिंगणे बुद्रुक होतं. शहर संपलं की शेतं, बांध, ओढे आणि पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून एक प्राध्यापक त्या चिखलातून चालत हिंगण्याला जात. शहरापासून तीन-चार मैलांची वाट. हातात बहुधा आश्रमासाठी घेतलेलं सामान असे. तिथं एका झोपडीत काही विधवा मुली राहत होत्या. त्यांना शिकवायचं, हवं-नको पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजात त्रिकोणमितीचा तास घ्यायचा.

धोंडो केशव कर्वे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. अनाथ बालिकाश्रम त्यांनी 1896 मध्ये पुण्यात सुरू केला. शहरात प्लेगनं थैमान घातलेलं होतं, आणि विधवांना शिकवणाऱ्या माणसाकडं शेजारी ज्या नजरेनं बघत तीही काही कमी जाचक नव्हती. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची जागा दिली आणि 1900 मध्ये तिथं झोपडी उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. मला मात्र त्या दोन ओळींच्या मधला चिखल दिसत राहतो. झोपडी एकदा बांधून होते. वाट रोज नव्यानं चालावी लागते. पाय दुखत असताना, पाऊस असताना, वर्गात कोणी टोमणा मारला असताना, आणि मुख्य म्हणजे आज नाही गेलं तरी कोणी जाब विचारणार नाही हे ठाऊक असताना.

शिस्तीबद्दल हल्ली जे बोललं जातं त्यात ही वाट मला सापडत नाही. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, वहीत सवयींच्या चौकटी भरा, फोनवर पावलं मोजा. यातलं काहीही वाईट नाही. पण या सगळ्याच्या टोकाला माणूस स्वतःच उभा असतो, आरशासमोर. स्वतःला थोडं अधिक घडवलेलं, अधिक आटोपशीर पाहण्यासाठी केलेली ती मेहनत असते. ती किती दिवस टिकते हे जानेवारीत भरलेल्या आणि मार्चमध्ये ओस पडलेल्या व्यायामशाळांना विचारावं. मला वाटतं, शिस्तीला ओल लागते. ती ओल कोणाच्या तरी वाट पाहण्यातून येते.

मला पहाटे उठायला आईच्या इन्सुलिननं शिकवलं. सकाळच्या न्याहारीआधी साखर तपासायची, सुई द्यायची, मग तिचा उपमा नाहीतर भाकरी-दूध. आधी वर्षानुवर्षं घड्याळं लावून जे जमलं नव्हतं ते तिच्या आजारपणात आपोआप अंगवळणी पडलं, कारण ती जागी होऊन दाराकडं बघत पडलेली असायची. त्या नजरेपुढं आळस उभाच राहत नाही. पुढं तीच पहाट मला माझ्या वाचनालाही मिळाली, लिहिण्यालाही मिळाली. हे मिळेल म्हणून मी उठत नव्हतो. पण कोणासाठी तरी उठलेल्या माणसाच्या पदरात दिवस असं काही ना काही टाकतोच, हा माझा अनुभव आहे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

कर्व्यांना ही ओल लहानपणीच लागली असावी. मुरुडसारख्या कोकणातल्या छोट्या गावातला हा मुलगा सरकारी परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून जास्त अंतर. तिथं पोचल्यावर परीक्षकांनी त्याला बसूच दिलं नाही, कारण तो वयापेक्षा फार लहान दिसत होता. एवढं चालून असं परत फिरणं! पुढं हीच परीक्षा त्यांनी कोल्हापूरला दिली आणि उत्तीर्ण झाले. सतरा-अठराव्या वर्षी पायांना जी सवय लागली ती, मला वाटतं, हिंगण्याच्या वाटेवर कामी आली. मुंबईत शिकताना आणि नंतर शिकवण्या करताना त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवला, त्यातला वाटा गावासाठी बाजूला काढला. स्वतःच्या मिळकतीवर पहिला हक्क स्वतःचा नाही, हे ज्यानं तरुणपणीच ठरवलं, त्याला पुढं आयुष्याची पुंजी संस्थेच्या झोळीत टाकताना हात आखडला नाही.

पण इथं थांबलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. कर्व्यांची, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांची, संध्याकाळ हिंगण्याची होती तेव्हा घरची संध्याकाळ कोणाची होती?

ती बायांची होती. गोदूबाई जोशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांनी 1893 मध्ये त्यांच्याशी विवाह केला आणि मुरुडनं दोघांवर बहिष्कार टाकला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र मी वाचलं, आणि अण्णांचं ‘आत्मवृत्त’ त्याच्या शेजारी ठेवलं. तेच घर दोन्हीकडं आहे, पण प्रकाश वेगळ्या खिडकीतून येतो. नवऱ्याचा पैसा संस्थेकडं वाहत असताना घरातलं पीठ, मुलांचे कपडे, पाहुणा, आजारपण हे कोणीतरी ओढत होतं. त्या कुरकुरल्या, रागावल्या, तरी संस्थेसाठी वर्गणी मागायलाही दारोदार गेल्या. अण्णांचा निग्रह मोठा होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो निग्रह ज्या जमिनीवर उभा होता ती जमीन बाया होत्या, आणि हे न लिहिता कोणीही त्यांच्या शिस्तीचे गोडवे गाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. विशी उलटल्यावर त्या शिकायला बसल्या. केस काढलेल्या, आलवणातल्या बाईनं पाटी हातात घेणं म्हणजे काय, हे आज आपल्याला नीटसं कळणारही नाही. शिकून त्या नुसत्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत, आश्रमाच्या होऊन गेल्या. निधी गोळा करत गावोगाव हिंडल्या. 1918 मध्ये तर मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आयुष्य दुसऱ्यांनी आखून दिलं होतं: कोपरा, सोवळं, दोन वेळचं अन्न. त्या चौकटीतून उठून त्यांनी आपल्या दिवसाची मालकी स्वतःकडं घेतली. जबाबदारी म्हणजे ओझं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पार्वतीबाईंकडं पाहावं. त्यांच्यासाठी तीच सुटका होती.

आणि रघुनाथराव. अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाईंचा मुलगा. संततिनियमनाचा विचार उघड मांडला म्हणून प्राध्यापकी गेली. मग 1927 च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले, दंड झाले. एका खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. वर्गणीदार मोजके, शिव्या भरपूर. तरी महिन्यामागून महिना अंक निघत राहिला. वडिलांच्या पायात जे होतं ते मुलाच्या लेखणीत उतरलं म्हणायचं. मात्र तिथंही घरात त्यांच्या पत्नी मालतीबाई होत्या, नोकरी करून संसार चालवणाऱ्या. त्यांच्या पगाराशिवाय ते मासिक सव्वीस वर्षं चाललं नसतं. बायांच्या मागोमाग मालतीबाई आठवल्यावर मला एकट्या माणसाच्या निग्रहाच्या गोष्टी अपुऱ्याच वाटू लागल्या.

अण्णा एकूण एकशे चार वर्षं जगले. 1916 मध्ये मूठभर विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केलं. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा वर्गणी मागत दारोदार निघाले. 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. या माणसाचं आयुष्य भरलेलं होतं का, असा प्रश्न विचारायचीही गरज वाटत नाही. मला जो प्रश्न पडला तो माझ्या घरातला होता.

बायांचं पुराण मिटून मी एका रात्री बायकोला विचारलं, “माझ्या सगळ्या ठरलेल्या वेळा सांभाळताना तुझं काय राहून गेलं?”

ती भांडी पुसत होती. तिनं फार विचारही केला नाही. म्हणाली, “सकाळची टेकडी. लग्नाआधी रोज जायचे.”

आईची साखर, सुई आणि न्याहारी माझ्याकडं होती, पण त्याच वेळात मुलांचे डबे, पाणी, दूध हे सगळं तिच्याकडं आलं होतं. आम्ही वेळापत्रक नव्यानं मांडलं. मुलगा आता स्वतःचा डबा स्वतः भरतो. दूधवाल्याचा हिशेब आणि पाण्याची मोटर मी घेतली. आईनं तर आपणहून साखर मोजायचं यंत्र मागून घेतलं. बोट टोचून आकडा तीच मोठ्यांदा वाचते आणि मी तो वहीत लिहितो. बायको सहाला बूट घालून बाहेर पडते. वेताळ टेकडीवर तिला जुन्या शाळेतली एक मैत्रीण भेटली आहे, आणि दोघींनी मिळून आता उन्हाळ्यात तिथल्या रोपट्यांना पाणी घालायचा वार ठरवला आहे. गुरुवार तिचा आहे.