पिझ्झा, आजी आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ

परीक्षा संपली किंवा वाढदिवस आला की घरोघरी एकच घोषणा होते, "पिझ्झा खायला जाऊया!" आणि लगेच आतून आवाज येतो, "तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते. माझ्यापुरता भात आहे." आमच्या सासूबाईंचं तर हे ठरलेलं वाक्य. एकदा लेकाने विचारलं, "आजी, तुला आवडत नाही का?" त्या म्हणाल्या, "आवडतो की रे, चाववत नाही."

तेव्हापासून मी पिझ्झ्याची चव नंतर बघते, आधी त्याची कड बघते. नेपल्सचा पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत भाजून निघतो, म्हणून तो मधे ओलसर आणि मऊ राहतो. (तो बनवण्याच्या कलेची 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली आहे, वर्गात सांगायला बरं.) रोमचा गोल पिझ्झा त्याउलट, पातळ आणि कुरकुरीत. कवळी असलेल्या माणसाची तो परीक्षाच बघतो. शिकागोचा डीप डिश खोल भांड्यात लावतात, चीज खाली आणि टोमॅटो वर. भाजायलाच अर्धा तास जातो. भुकेलं पाच वर्षांचं पोर सोबत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका! आपल्याकडचा पॅन पिझ्झा पावासारखा जाड. मुलं खूश, पण मला विचाराल तर पोट मैद्यानेच भरतं.

हल्ली पुण्या-मुंबईत लाकडाच्या भट्टीवाली ठिकाणं आहेत. आम्ही तसंच एक निवडलं, पण जाण्याआधी फोन केला. पायऱ्या किती? खुर्चीला पाठ आहे ना? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? गाणी हळू लावाल का? नुसता मेनू बघून "फॅमिली रेस्टॉरंट" कळत नाही हो. आम्ही गेलो तेही मधल्या वारी, संध्याकाळी साडेसहाला, गर्दीच्या आधी. सासूबाईंनी मधले मऊ तुकडे खाल्ले, कडा नातवाने मटकावल्या. त्यांची तक्रार एकच होती, सिमला मिरची कच्ची आहे.

तिथल्या मेनूकार्डावरून मला आठवीसाठी उदाहरण मिळालं. 7 इंची दोन पिझ्झे घ्यावेत की 10 इंची एक? मुलं म्हणाली, "बाई, दोनच जास्त!" मग त्रिज्या 3.5 घेऊन फळ्यावर मांडलं. एकाचं क्षेत्रफळ 38.5 चौरस इंच, दोघांचं 77. दहा इंचीचं साधारण 78.5. म्हणजे एक मोठा दोन लहानांपेक्षा कणभर जास्तच. आता किमती बघा आणि ठरवा.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मी कड खातच नाही. मग?" उत्तम प्रश्न! कड एक इंच रुंद धरली तर व्यास दोन इंचांनी कमी होतो. सातचा राहतो पाच, दहाचा आठ. दोन लहानांतून हाती येतात जेमतेम 39 चौरस इंच, एका मोठ्यातून 50. लहान पिझ्झ्याचा जवळजवळ निम्मा भाग कडेतच जातो.