तू शिवाचा की शक्तीचा?

परवा पुतण्यानं मोबाइलवर एक खेळ दाखवला. मुंबईतली पोरं दोन गट करून उभी. लिहिलेलं काही नाही, पाठ केलेलं काही नाही. प्रेक्षक विषय देतात आणि जो गट जास्त हसवील तो जिंकतो. ‘इम्प्रोव्ह’ म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बेटा, हे मी केलंय. त्याला वाटलं, काका मस्करी करताहेत.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, बाजारात ऊस आणि उकडलेले शिंगाडे, आणि दंडार, खडी गंमत, नाटक यांची रेलचेल. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे आमच्या गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी.

खडी गंमत म्हणजे उभ्यानं केलेली गंमत. शाहीर, मागे झीलकरी, ढोलकी, टुणटुणं, बाईच्या वेषातला नाच्या आणि सोंगाड्या. गाणी ठरलेली असतात, बोलणं मात्र तिथल्या तिथे सुचेल तसं. ‘दुय्यम’ असेल तर दोन पार्ट्या समोरासमोर येतात, एक कलगीची, एक तुऱ्याची. कलगीवाले शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला. सवाल-जवाब रंगले की रात्र सरते.

मी कलगीच्या पार्टीत झीलकरी होतो. वय एकोणीस, हातात मंजिऱ्या, काम मागून सूर धरण्याचं. त्या वर्षी वडसा भागातल्या एका मंडईच्या दिवशी आमच्या सोंगाड्याला हिवताप भरला. तो घोंगडी पांघरून बैलगाडीत पडला आणि शाहिरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “मले नाही जमनार. आणि अब्बा आलेत गावात.”

अब्बा पिंजारी. थंडी लागली की धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या-रजया भरत फिरायचे. मी मंजिऱ्या वाजवतो हे त्यांनी कसंबसं पोटात घातलं होतं. मशिदीत लोक टोमणे मारत. आता तोंडाला रंग फासून उभा राहिलो तर?

शाहीर म्हणाले, “कलगी कोनाची, ठाऊक हाय का? चंदेरीच्या राजानं तुरा देला तुकनगिरी गोसाव्याले आन कलगी देली शाहअली फकिराले. तुह्याच मानसाची निशानी हाय. तू काहून लाजतं?”

ही कथा शाहिरांच्या परंपरेत सांगतातच. पण त्या रात्री ती मला पहिल्यांदा माझी वाटली.

उभा राहिलो आणि सगळं विसरलो. समोर चटयांवर, खाटांवर बसलेलं गाव आणि ट्यूबलाइटच्या उजेडात दाटलेलं धुकं. नाच्यानं मला दोनदा वाक्य दिलं. दोन्हीदा मी नुसता “हो” म्हणालो. पोरं शिट्ट्या मारू लागली. तेवढ्यात तुऱ्याचा सोंगाड्या, पन्नाशीचा मुरलेला माणूस, पुढे आला.

“काहून रे मियाभाई, सांग पाहू सगळ्यायसमोर. तू शिवाचा का शक्तीचा?”

मंडप चिडीचूप झाला. माझे कान तापले. मागच्या रांगेत अब्बा धुनकीला टेकून उभे होते. क्षणभर वाटलं, उतरून निघून जावं.

आणि धुनकीकडे पाहता पाहता तोंडातून निघालं, “ज्यानं माह्या बापाकडून गादी भरून घेतली, मी त्याचा!”

“मंग माह्याबी घरची गादी तुह्याच बापानं भरली!”

“भरली ना. पन चाळीस रुपये उधारी बाकी हाय. तोवर मी शक्तीचाच!”

हशा असा उसळला की ढोलकीवाल्याला थाप सापडेना. सोंगाड्यानं लगेच आपला फेटा सोडून माझ्या पुढ्यात टाकला, “घे बावा, हा कापूस वापस ने!” मी तो तिथेच बसून पिंजायला घेतला. पुढचा तासभर आम्ही दोघं भांडत राहिलो आणि एकदाही काय बोलावं हा प्रश्न पडला नाही.

कोण जिंकलं? बक्षिसाच्या नोटा तुऱ्याला जास्त पडल्या.

पहाटे दोन्ही पार्ट्या एकाच चुलीजवळ चहा पीत होत्या. मी धीर करून त्याला विचारलं, “मले मियाभाई म्हनून काहून डिवचलं?”

तो म्हणाला, “तू गपगार झाला होता बाबू. तुह्या बापाले मी पाह्यलो मागं. तुले ज्याचं उत्तर येते, तेच इचारलो.”

तोच प्रश्न आज मला कधी रेल्वेत, कधी मोबाइलवर विचारला जातो. शब्दांत फार फरक नसतो. पण विचारणाऱ्याला माझं उत्तर नको असतं, माझी मान खाली गेलेली हवी असते. अशा वेळी मला तो फेटा आठवतो.

घरी परतताना अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. नदी ओलांडल्यावर म्हणाले, “चालीस नहीं, बत्तीस बाकी हैं उसके. हिसाब में झूठ नहीं बोलना.”

पुढच्या मंडईला त्यांनी मला विचारलं, कधी निघायचं.